फरंकलीवाले डॉक्टर

खैरलांजीकडचा एक माणूस एकदा आमच्या दवाखान्याच्या खिडकीशी आला आणि फरंकलीवरची गोळी मागू लागला. मी कंपाउंडर. बालाघाटात डॉक्टर मोहरिलांकडे लागून मला जेमतेम महिना झाला होता, औषधांची नावं अजून तोंडात बसायची होती. मी कपाटातल्या बाटल्यांवरून दोनदा नजर फिरवली. फरंकली काही दिसेना. कोणासाठी पाहिजे म्हणून विचारलं, तर म्हणाला, "माह्या बापाले फरंकली झाली जी. काल डाक्टरसाहेबानंच सांगतलं. गावात कोनालेच मालूम नाही, हे कायची बिमारी होय ते."

मी आत जाऊन डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, की तो रोग नाही, तो माझ्या बोलण्यातला एक शब्द आहे. त्याला आत पाठवा, मी पुन्हा समजावून सांगतो. त्यांनी पुन्हा सांगितलं. तो माणूस बाहेर आला तेव्हा त्याला सगळं कळलं होतं, हे चेहऱ्यावरच दिसत होतं. तरी जाताना खिडकीशी थांबून म्हणाला, "मंजे फरंकलीच होय ना?" मी हौ म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

शब्द होता फ्रँकली. इंग्रजीत त्याचा अर्थ, मनात काही न ठेवता, लपवाछपवी न करता. रोगी आता बरा होणार नाही हे सांगायचं असलं, की डॉक्टर आधी तो शब्द उच्चारत, जरासे थांबत, आणि मग मराठीत किंवा हिंदीत जे असेल ते सांगत. ऐकणाऱ्याला इंग्रजीचा गंध नसे. सगळ्या बोलण्यात न कळलेला तेवढा एकच शब्द, तोच तो घट्ट धरून घरी नेई. बाकीचं बोलणं कोणाला लक्षात ठेवायचं असतं? असा तो शब्द बैलगाडीनं, सायकलीनं, मोटारीनं गावोगाव गेला. कुठे फरंकली झाला, बैहरच्या जंगलाकडे फिरंगली झाला. ईकारान्त म्हणून आमच्या लोकांनी त्याला बाईमाणसात टाकलं. बाया विहिरीवर एकमेकींना सांगत, की अमकीच्या सासऱ्याले फरंकली झाली, आता काही खरं नाही. आणि आमचे डॉक्टर झाले फरंकलीवाले डॉक्टर.

माणूस दिसायला उंच, खांद्यात थोडा वाकलेला. पांढरा सदरा पँटमध्ये खोचलेला, पायात कॅनव्हासचे जोडे. आजोबा सरकारी नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. हे नागपूरला शिकून एलएमपी, म्हणजे जुन्या सनदेचे डॉक्टर, होऊन परत आले. घरात नागपुरी मराठी, दवाखान्यात हिंदी, आणि समोर खेड्यातला माणूस असेल तर त्याच्या गावची बोली. नखं वाढलेलं पोर दिसलं, की आधी टेबलाच्या खणातली कात्री काढून त्याची नखं कापायचे आणि मग नाडी पाहायचे. पोराचा बाप रोगी असला तरी नखं आधी. जखम बांधताना स्वतःशी गुणगुणत असत. चाल कोणती ते देवाला ठाऊक, पण रोग्यांना ती आवडे, कारण गुणगुणणारा डॉक्टर फरंकली म्हणत नाही, हे बाकावर बसणाऱ्यांना अनुभवानं माहीत झालं होतं.

हा शब्द ते फक्त रोग्यांपुरताच वापरत असं मात्र नाही. छप्पन साली प्रांत तुटला. नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं, आम्ही इकडे हिंदीत राहिलो. दुकानांच्या पाट्या हळूहळू हिंदी झाल्या, कचेरीतली मराठी गेली, मुलं आपसात हिंदी बोलू लागली. संध्याकाळी दवाखान्याच्या ओट्यावर चार मराठी मंडळी जमत, एक वकील, एक निवृत्त हेडक्लार्क, आणखी दोघं, आणि बालाघाट केव्हा ना केव्हा तिकडे जाणारच, यावर तासभर बोलत. डॉक्टर निमूट ऐकत. एका संध्याकाळी ते म्हणाले, "फ्रँकली, आता काही होणार नाही." झालं. बैठक मोडली ती मोडलीच. हेडक्लार्क तर पुढे बरेच दिवस, डॉक्टरांनी आपल्या प्रकृतीबद्दलच काही सांगितल्यासारखे, काठी टेकत हळूहळू चालायचे.

दुपारी दवाखाना रिकामा असताना एकदा मी विचारलं, की साहेब, लोकांना कळत नाही तर हा शब्द वापरता कशाला? मराठी काय कमी आहे? ते म्हणाले, करून पाहिलंय सगळं. 'खरं सांगू का' म्हटलं, की ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे आतापर्यंत हा खोटं बोलत होता. 'स्पष्टच सांगतो' म्हटलं, की ते भांडणाचं तोंड होतं. आपल्याकडे स्पष्ट बोलणारा म्हणजे तोंडाचा फाटका. 'मनापासून' म्हणावं, तर पुढे आशीर्वाद यायला पाहिजे. हिंदीत 'साफ साफ' म्हटलं, की पोलीस आठवतो. नागपूरला त्यांना शिकवणारा एक म्हातारा सर्जन होता. तो रोग्याच्या खाटेशी बसून हा शब्द अगदी हळू म्हणायचा. त्यात राग नसे, उपकार नसे. तापलेलं भांडं उचलायला फडकं लागतं ना, तेवढंच काम त्या शब्दाचं, असं डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, पण साहेब, फडकं देणाऱ्याच्या हातात असतं, घेणाऱ्याला चटका बसतोच. ते हसले आणि बसतो म्हणाले.

शब्दाचा कोणी भलता वापर केलेला मात्र त्यांना खपत नसे. आमच्या ओट्यावरच्या वकिलांची मुलगी पाहायला पाहुणे आले आणि जाताना म्हणाले, मुलगी जरा फ्रँक आहे. म्हणजे चार पुरुषांसमोर मान वर करून बोलते. लग्न मोडलं. डॉक्टर त्यावर आठवडाभर चिडलेले होते. म्हणायचे, या लोकांनी खऱ्या बोलण्याला बदचालीचं नाव देऊन टाकलं. एकदा औषधकंपनीचा एक टाय लावलेला पोरगा आला आणि फ्रँकली स्पीकिंग, सर, म्हणत आपल्या टॉनिकचे गुण गाऊ लागला. डॉक्टरांनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं, की बाबा, ज्या वाक्यानं ऐकणाऱ्याचं काही जाणार असतं, त्याच्याआधी हा शब्द येतो. विकायला निघालेल्या माणसानं तो तोंडात घेऊ नये. पोरगा पुढच्या खेपेला आला तेव्हा भीतभीत सर, सर एवढंच म्हणत होता.

आता कोणी म्हणेल, असं तोंडावर मरण सांगून काय साधत होतं? मलाही सुरुवातीला तेच वाटे. कटंगीकडचा डोमाजी म्हणून एक धानवाला शेतकरी होता. पोटात पाणी होऊन आला. डॉक्टरांनी त्याला फ्रँकली म्हटलं. तो रडला नाही की काही नाही. थोडा वेळ पागोट्याचा पदर चाचपत बसला आणि म्हणाला, "कापणीपावतर पुरीन का जी मी?" डॉक्टर म्हणाले, "नाही डोमाजी. रोवणीपावतर." तो उठला, राम राम केला आणि गेला. पोरीचं लग्न कापणीनंतर ठरलं होतं, ते त्यानं वैशाखात उरकलं. लग्नानंतर एकदा आला, बैलगाडीत निजून, आणि मुलाच्या हाती बुंदीचा पुडा आत पाठवला. डॉक्टर गोडाला कधी हात लावत नसत. ती बुंदी त्यांनी बाहेर गाडीपाशी जाऊन, डोमाजीच्या समोर उभं राहून खाल्ली. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, सुरू व्हायच्या आधीच डोमाजी गेला. त्या दिवसापासून डॉक्टरांच्या शब्दाबद्दल मी काही विचारायचं सोडून दिलं.

पण सगळेच डोमाजी नसतात. बैहरचा जंगलखात्यातला एक तरुण नाकेदार होता, नुकतं लग्न झालेलं, मूत्रपिंडं गेलेली. डॉक्टरांनी त्याला आणि त्याच्या आईला समोर बसवून सांगितलं. आई उठून उभी राहिली. आवाज चढवला नाही बाईनं. एवढंच म्हणाली, "बेटा तो अभी जिंदा है, डागदर साहब. तुमने आज ही मार दिया." आणि पोराला हाताला धरून घेऊन गेली. बाकावरच्या साऱ्या रोग्यांनी ते ऐकलं. डॉक्टरांनी उरलेले रोगी तपासले, पण दुपारी जेवायला आत गेले नाहीत.

दवाखान्यामागेच त्यांचं घर. मधे एक दार. त्या दारातून काकू आल्या. सुमतीबाई त्यांचं नाव, लोक बाईसाहेब म्हणत, मी काकू. मूलबाळ नव्हतं. ठेंगण्या, भराभर चालणाऱ्या, जिभेला धार असलेल्या बाई. त्या ताट तसंच हातात घेऊन आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, आज मी चुकलो बहुतेक. काकूंनी ताट टेबलावर ठेवलं. "चुकले नाही," त्या म्हणाल्या. "त्याचं मरण त्याचं आहे. ते त्याच्यापासून लपवून ठेवणारे आपण कोण?" मग मला म्हणाल्या, गुलाबराव, तुम्हीही जेवून घ्या. मी घरी गेलो. ते वाक्य माझ्यासमोर बोललं गेलं, म्हणून मला माहीत आहे. नाहीतर पुढे जे झालं ते बघून मला वाटलं असतं, की या बाईंना कदाचित न सांगितलेलंच आवडत असेल.

काकूंच्या त्या बोलण्याला एक जुनं दुखणं होतं. त्यांची थोरली बहीण अमरावतीला असे. आई त्या बहिणीकडेच राहायची. आई आजारी पडली, महिनाभर अंथरुणाला खिळली, आणि बहिणीनं इकडे पत्रात लिहिलं, आईला थोडा खोकला आहे. सुमा एकटी तिकडे, घाबरेल, एवढ्या लांब धावत येईल, म्हणून. काकूंना कळलं ते तारेनं, आई गेल्यावर. काकू गेल्या, दिवस करून परत आल्या आणि त्यानंतर बहिणीशी बोलणं बंद. पत्र आलं तर वाचायच्या, उत्तर नाही. प्रांत तुटला तेव्हा म्हणाल्या होत्या, बरं झालं, आता तर मुलूखही वेगळा झाला. पण अमरावतीहून कोणी आलं, की सगळ्यांची चौकशी करून झाल्यावर शेवटी, भांडी आवरता आवरता, ताईची पण करत. माझी बायको त्यांच्याकडे पापड लाटायला, सांडगे घालायला जाई, तिनं हे पाहिलेलं आहे.

पुढे पाच-सहा वर्षांनी, चैत्रात, काकूंचं जेवण कमी झालं. पोटात दुखायचं. डॉक्टरांनी घरीच तपासलं. दुसऱ्या दिवशी नागपूरला घेऊन गेले, त्यांच्याबरोबर शिकलेला एक सर्जन तिथे मोठ्या हुद्द्यावर होता. चार दिवसांनी परत आले. मी स्टेशनवर न्यायला गेलो होतो. छोट्या गाडीतून उतरताना डॉक्टरांनी काकूंचा हात धरला, आणि जी बाई जन्मात कोणाचा हात धरून पायरी उतरली नव्हती त्या बाईनं तो धरू दिला. टांग्यात बसताना डॉक्टर मला म्हणाले, पित्त आहे, जुनं आहे, वेळ लागेल. माझ्याकडे न बघता म्हणाले. इतकी वर्षं त्यांच्या खिडकीत बसलेल्या मला आणखी काय सांगायचं असतं?

मग डॉक्टरांचा एक नवा चाळा सुरू झाला. दुपारी रोगी संपले, की ते उठून मधल्या दाराशी जात. कडीला हात लावून उभे राहत. कधी आत जात आणि लगेच परत येत, म्हणत, पाण्याचा तांब्या भरलेला आहे का बघायला गेलो होतो. कधी दार न उघडताच परत फिरत आणि मला म्हणत, आभाळ आलंय. आभाळ नसे. मी बाटल्या पुसत बसे. मला त्यांचा राग येई आणि कीवही येई, आणि दोन्ही एकदम आलं, की माणूस बाटल्याच पुसतो.

काकू हुशार होत्या. त्यांना काय कळत नव्हतं? पण मनानं ओळखणं निराळं आणि कोणी सांगणं निराळं. माझ्या बायकोला त्या एकदा म्हणाल्या, "मी मरायला टेकली असं यांनी एकदा तोंडानं म्हटलं, तर मी आज ताईला लिहीन. मग त्यात कमीपणा नाही. पण हे म्हणतात पित्त आहे. पित्तासाठी कोणी हात टेकतं का?" बायकोनं घरी येऊन मला सांगितलं आणि पदरानं डोळे पुसले. ती म्हणाली, तुम्ही डॉक्टरांशी बोला. मी बोललो. आडून आडून नाही, सरळ म्हटलं, की काकूंना बहिणीला भेटायचं आहे, साहेब, आणि तुमच्या सांगण्यासाठी त्या अडून बसल्या आहेत. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, पावसाळा सरला की नेतोच आहे अमरावतीला. मी म्हटलं, पावसाळा सरेपर्यंत? त्यावर ते फार हळू म्हणाले, "गुलाबराव, तो शब्द लोकांसाठी होता."

आषाढातली एक सकाळ. बाकं भरलेली होती. आमच्याकडे नंबराचे पितळी बिल्ले असत, आल्याबरोबर माझ्या खिडकीतून घ्यायचे. एक हात आत आला, मी न बघता बिल्ला दिला आणि मग पाहिलं, तर काकू. मधल्या दारातून आलेल्या नव्हत्या. घराला वळसा घालून, रस्त्यावरून, रोगी येतात तशा आल्या होत्या. नेसायला धुवट लुगडं, केस विंचरलेले. गाल पार बसले होते. बाकावरची माणसं धडपडून उठली, बाईसाहेब, तुमी जा ना जी अंदर. त्यांनी मान हलवली आणि एका पोरवाल्या बाईच्या शेजारी बसल्या. नंबर यायला बराच वेळ लागला. त्या मधे दोनदा भिंतीला टेकल्या. डॉक्टरांना आतून काही दिसत नव्हतं, आणि मी सांगावं असं काकूंच्या चेहऱ्यावर नव्हतं.

नंबर आला तेव्हा त्या आत गेल्या आणि रोग्याच्या स्टुलावर बसल्या. तपासणीची खोली आणि माझी खिडकी यांच्यात नुसता पडदा. डॉक्टरांचं गुणगुणणं एकाएकी थांबलं.

"अगं, इथे कुठे?" ते म्हणाले.

"मी पेशंट म्हणून आली आहे," काकू म्हणाल्या. "या स्टुलावर बसणाऱ्याला तुम्ही सांगता. आत खाटेवर पडलेल्या बायकोला नाही सांगता येत, ते मला समजतं. म्हणून इथे येऊन बसली. आता सांगा."

बाहेर बाकावर एक पोर रडत होतं, त्याला त्याच्या आईनं गप्प केलं. मी हातातला खलबत्त्याचा बत्ता खाली ठेवला. मला वाटलं, आता येईल तो शब्द. देवाशपथ सांगतो, मी मनात म्हणत होतो, म्हणा, साहेब, म्हणून टाका. त्या बाईंना तेवढंच पाहिजे होतं. आयुष्यभर ज्यांनी परक्यांना दिलं, त्यांनी घरच्या माणसाला एकदा द्यावं, एवढीच गोष्ट होती. डॉक्टरांची खुर्ची वाजली. मग कागदावर टाक चालल्याचा आवाज आला.

"पित्त आहे सुमा," ते म्हणाले. "हे घे चार दिवस. पावसाळा झाला की अमरावतीला जाऊ."

"बरं," काकू म्हणाल्या.

त्या चिठ्ठी घेऊन माझ्या खिडकीशी आल्या, रांगेत उभ्या राहिल्या. चिठ्ठीवर सोड्याचं मिक्श्चर होतं. लग्नाच्या पंगतीत जास्त जेवलेल्यांना आम्ही ते देत असू. मी बाटली विसळली, औषध भरलं, डोसाची कागदी पट्टी चिकटवायला घेतली, तर ती सरळ बसेना. काकू खिडकीच्या कडेला हात टेकून बघत होत्या. "थोडं सिरप घाला, गुलाबराव," त्या म्हणाल्या. "खोट्या औषधाला कडू कशाला ठेवायचं?" मी सिरप घातलं. त्यांनी बाटली घेतली, बिल्ला परत केला आणि आल्या तशा रस्त्यावरून वळसा घालून घरी गेल्या.

त्यानंतर त्या अंथरुणातून फारशा उठल्या नाहीत. अमरावतीचं नाव काढलं नाही. कोणी विचारलं तर म्हणत, पित्त आहे, डॉक्टरांनीच सांगितलंय. ऐकणारा मान खाली घाली. डॉक्टर रात्रंदिवस उशाशी असत, स्वतः पेज भरवत, लुगडी धूत. सेवेत माणसानं कसर ठेवली नाही, हे मी पाहिलेलं आहे आणि कोणी वेगळं म्हटलं तर मी भांडेन. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात काकू गेल्या. डॉक्टरांनी अमरावतीला तार केली.

पुढे मी आणखी काही वर्षं त्यांच्याकडे होतो. दवाखाना चालू राहिला, पोरांची नखंही कापली जात. पण तो शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही. बाकावर कोणी अगदी हाताबाहेर गेलेला आला, की ते चिठ्ठी लिहून नागपूरला दाखवा म्हणत आणि पुढच्याला बोलवत. खेड्यातली म्हातारी माणसं खिडकीशी येऊन मला विचारत, काहून जी, साहेब आता फरंकली सांगत नाही? काही जण तर आत जाऊन हात जोडत, की साहेब, घरी बैलजोडी आहे, पोरी आहेत, काय ते सांगून टाका. डॉक्टर म्हणत, होईल बरं. लोकांना आधी दिलासा वाटला, मग भीती वाटू लागली आणि मग हळूहळू बाकं रिकामी होत गेली. होईल बरं म्हणणारे डॉक्टर गावात इतरही होते. मी गोंदियाला दुसरी नोकरी धरली. डॉक्टर गेल्याचं मला तिथेच कळलं.

पण डॉक्टर म्हटलं की मला ते त्या रिकाम्या दवाखान्यातले आठवत नाहीत. काकूंचे दिवस झाल्यावर त्यांची बहीण परत निघाली, त्या सकाळचे आठवतात.

ताई तार मिळताच आल्या होत्या. काकूंसारख्याच ठेंगण्या, पण सावकाश बोलणाऱ्या. चौदा दिवस त्यांनी घर सांभाळलं, आल्यागेल्याचं केलं, बहिणीचं कपाट आवरलं. आपण लिहिलेली सगळी पत्रं त्यांना त्यात एका फडक्यात बांधलेली सापडली. डॉक्टरांशी त्या कामापुरतं बोलत. निघायच्या दिवशी मी त्यांची ट्रंक घेऊन पुढे, आणि ते दोघं मागे, असे आम्ही स्टेशनावर पोचलो. गाडी लागलेली होती. ताई बायकांच्या डब्यात खिडकीशी बसल्या, मी ट्रंक बाकाखाली सरकवून उतरलो आणि डॉक्टर खिडकीशी उभे राहिले.

"तुम्हाला कधी कळलं होतं?" ताईंनी विचारलं.

मला वाटलं, ते म्हणतील शेवटी शेवटी. कोणीही म्हटलं असतं. त्या बाई तेवढ्यावर समाधान मानून गेल्या असत्या.

"चैत्रात," डॉक्टर म्हणाले. "नागपूरच्याही आधी. पोटातली गाठ हाताला लागली होती."

"आणि सुमाला?"

"तिला नाही सांगितलं. तिनं विचारलं होतं. तरी नाही सांगितलं."

ताई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "मला तरी कळवायचं होतं," त्या म्हणाल्या. "मी काही निमित्त काढून आली असती." गार्डानं शिट्टी दिली. ताईंनी खिडकीच्या गजाला धरलं.

"आईच्या वेळी मी तिला नाही सांगितलं," त्या म्हणाल्या, "तर ती जन्मभर माझ्याशी बोलली नाही. तुमच्याशी बोलत होती का शेवटी?"

गाडी हलली होती. डॉक्टर खिडकीबरोबर दोन पावलं चालले.

"पाणी मागायची," ते म्हणाले.

ताईंना ते ऐकू गेलं की नाही, मला सांगता येणार नाही. गाडी फलाटाबाहेर गेली. डॉक्टर तिथेच उभे होते. मी जवळ जाऊन म्हटलं, साहेब, चला. ते म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, गुलाबराव, दवाखाना उघडा, रोगी आले असतील. मी पुलावरून वळून पाहिलं, तर फलाट रिकामा झाला होता आणि ते अजून गाडी गेली त्या बाजूला तोंड करून उभे होते. त्या दिवशी मी एकट्यानंच दवाखाना उघडला आणि सगळ्यांना उद्या यायला सांगितलं.